प्रत्येक पेशीत एक तिरोडा

बिडी वळणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं. मांडीवरच्या सुपातली तेंदूची पानं कमी होत जातात, किस्से वाढत जातात. सौंदडला माझ्या ओसरीवर आम्ही तिघी बसतो: मी, कौतिकाबाई आणि जाईबाई. दोघी वळतात, मी वळता वळता सांगते, कारण वाचणारी मीच एक. शाळेची पायरी मी चढले नाही. चाळिशीत पोरीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकले आणि आता माणूस म्हातारा का होतो, यावर मिळेल ते वाचते. कुणी हसलं तर हसू दे! आपल्या अंगात काय चाललंय हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं मला अडाणी म्हणू नये.

०००

एकदा मी सांगितलं, "आपलं अंग पेशींचं बनलेलं. इतक्या बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. आणि एकेका पेशीत शेकडो वीजघरं. अन्न जाळतात, ताकद काढतात."

जाईबाईनं हातातलं पान खाली ठेवलं. "तिरोड्याच्या कोळशाच्या वीजघरासारखी?"

"तिरोड्यासारखीच."

"मंग धूर कोठून निघते?"

"नाकातून. तू श्वास सोडतेस ना, तोच धूर!"

तिघीही आपापला श्वास ऐकत बसलो. मग जाईबाई हळूच म्हणाली, "एवढा कारभार माह्या अंगात चालून राहिला, अना मले कोणी सांगतलं बी नाई!"

कौतिकाबाईनं विचारलं, "वय झालं का हे वीजघरं मंद पडतात काय वं?"

"पडतात."

"तवाच! माह्या घुडघ्यात लोडशेडिंग काऊन आहे म्हनलं!"

०००

दुसऱ्या एका दुपारी पेशीतल्या धाग्यांची गोष्ट निघाली. पेशीची दोन होताना त्या धाग्यांची टोकं दरवेळी जराशी झिजतात. म्हणून टोकाला टोपी असते. हे समजवायला मला पुस्तक लागलं नाही. हातातली बिडी दाखवली. "आपण बिडीचं तोंड दुमडतो ना, जर्दा सांडू नये म्हणून? तसंच."

"तेथं कोन दुमडते?" कौतिकाबाई.

"पेशीच."

"मजुरी?"

"काही नाही."

कौतिकाबाई हळहळली. "आपल्याहून गरीब आहेत बिचाऱ्या!"

०००

मग गोंदियाहून तो कॅप्सूलवाला आला. केस काळेकुळकुळीत, भांगात पांढरी रेघ. "माँजी, ये सीधा सेल में जाकर काम करता है. पेशी तरुण, तुम्ही तरुण!"

त्यानं फॉर्म काढला, आधार कार्डं मागितली. माझी जन्मतारीख एक जानेवारी. कौतिकाबाईची एक जानेवारी. जाईबाईचीही एक जानेवारी. तो आमच्या तोंडांकडे पाहायला लागला. "तीनों बहनें हो क्या? एकसाथ हुई थी?"

कौतिकाबाई म्हणाली, "आई वेगवेगळ्या होत्या गा. आधारवाल्यानं एकाच दिवशी जन्माले घातलं!"

मी विचारलं, "या कॅप्सूलनं माणूस जास्त जगतो, हे पक्कं ठरलंय का?"

"उंदीर जगले ना, माँजी! साइंस है!"

"अगा, आमच्या धानाच्या कोठीतले उंदीर आधीच मरत नाईत," कौतिकाबाई भडकली, "त्याईचं आयुष्य कायले वाढवून राहिले तुम्ही?"

मी मात्र हसले नाही. कुणीतरी कुठेतरी बसून म्हातारपणाचं कुलूप उघडू पाहतंय, हे मला फार मोठं वाटतं. पण उंदरापासून माणसापर्यंत बरीच वाट आहे, आणि ती वाट त्या बाटलीवर छापलेली नव्हती.

जाईबाईनं बाटली घेतली!

०००

आता जाईबाई कोण, ते सांगायलाच हवं. ती सुईण. अर्धं सौंदड तिच्या हातावर जन्मलं. गरोदर बायांना दवाखान्यातून रक्तवाढीच्या गोळ्या मिळायच्या आणि त्या बाया उकिरड्यावर फेकायच्या. जाईबाई दारात उभी राहायची. "अंगात लेकरू आहे! गोळी माह्यासमोर गिळ!" गिळली की तोंड उघडायला लावायची, जीभ वर करायला लावायची, खाली डोकावून पाहायची आणि मगच जायची.

आणि हीच बाई बीपीची गोळी बंद करून बसली!

घरोघरी बीपी मोजत फिरणाऱ्या आशाताईनं तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा पाहून आशाताईचा चेहराच उतरला. "आजी, गोळी घेत नाही का?"

"आता कॅप्सूल आहे ना. पेशीच तरुण झाली तं बीपीचं काय काम? अना त्या गोळीनं इतके वर्सं कोनता फरक पडला?"

माझा आवाज शेजारच्या आळीपर्यंत गेला असेल. "तोंड वाकडं झालं नाही, हात लुळा पडला नाही, हाच फरक पडला!"

"तू दोन पुस्तकं वाचली म्हनून डाक्टर झाली काय वं?"

"डॉक्टरानंच लिहून दिली आहे ती!"

आशाताईनं गोळ्यांचं पाकीट तिच्या पदराला गाठ मारून बांधलं आणि आजपासूनच घ्यायला बजावलं. जाईबाईनं ती गाठ सोडली नाही. चार दिवस माझ्याकडे पाठ करून बिड्या वळल्या. मी कशाला भीत नाही, पण त्या पाठीला भ्याले. या वयात मला दुसरी जाईबाई कुठून मिळणार?

०००

पाचव्या दिवशी शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी मला सूक्ष्मदर्शक पाहायला बोलावलं. मी दोघींनाही ओढत नेलं. मॅडमनी सातवीतल्या एका पोरीच्या गालाचं आतलं कातडं काडीनं हलकेच खरवडलं, काचेवर निळा थेंब टाकला. मग जाईबाईच्या गालाचं घेतलं.

जाईबाईनं एक पाहिलं, दुसरं पाहिलं. पुन्हा पहिलं. "यातली म्हातारी कोनती?"

"नुसतं पाहून मलाही नाही सांगता येणार, आजी."

कौतिकाबाई तिला सारून वाकली. "बापा रे! एक बी सुरकुती नाई!"

मॅडम म्हणाल्या, "गालाच्या आतल्या पेशी सारख्या गळतात आणि नव्या येतात. ही तुमची पेशी फार तर दहा-बारा दिवसांची असेल."

हे मी कधीतरी वाचलं होतं. सांगायचं तेवढं सुचलं नव्हतं.

जाईबाईनं पुन्हा भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ उचलला नाही. "दहा दिवसाची? माह्या अंगात?"

"हो, आजी."

"अना अशा किती?"

"मोजता येणार नाहीत. रोज जन्मतात."

"मंग अंगात लेकरं आहेत!" म्हणत जाईबाई सरळ झाली. मॅडमकडे पाणी मागितलं. पदराची गाठ दातांनी सोडली, पाकिटातली पहिली गोळी काढली आणि गिळली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तोंड उघडलं आणि जीभ वर केली.