अंबागडाचा मेणाचा दरवाजा

बचत गटाच्या प्रशिक्षणात आम्हाला मेणबत्त्या करायला शिकवलं, तेव्हा सगळ्या बायांनी गुलाब केले. मीही एक करून घरी आणला. नवऱ्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "हे कोबीचं फूल काहून आणलं वं?"

मी भडकले. मला भडकायला वेळ लागत नाही, हे अख्ख्या करडी गावाला ठाऊक आहे. "मंग तुम्हीच सांगा न जी, काय करू?"

"आपल्या इकडचं कर काही. अंबागडाचा दरवाजा कर."

त्याने दरवाजाचं नाव काढलं आणि माझा राग जागच्या जागी विरला. माझं माहेर नाकाडोंगरीचं. लग्नानंतर पहिल्यांदा मला माहेरी पोचवायला निघाला, तेव्हा मधेच गाडी गडाकडे वळवली होती त्याने. सासूने माझ्या आईसाठी बांधून दिलेला डबा आम्ही त्या दरवाजाच्या कमानीखाली बसून फस्त केला. माहेरी रिकामा डबा घेऊन गेलो म्हणून आई किती तरी दिवस बोलत होती. गडाचं नाव निघालं की आम्हा दोघांना अजूनही तो डबाच आठवतो.

धानाची शेती सांभाळून नवरा लाकडाचं काम करायचा. तान्ह्या पोळ्याला पोरं दारोदार मिरवतात ते लाकडी नंदी आमच्या पडवीत घडत. त्याच हातांनी त्याने सागाच्या तुकड्यातून वीतभर दरवाजा कोरला. मधे कमान, दोन्हीकडे बुरूज, दगडांचे सांधेसुद्धा. वात कमानीच्या मागे ठेवायची, म्हणजे पेटवली की उजेड कमानीतून बाहेर पडेल, ही युक्तीही त्याचीच. त्या लाकडावरून मी रबराचा साचा केला.

आणि नेमकं तेव्हाच त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. साखरेचा आजार जुना होता, एक डोळा आधीच गेला होता. आता दुसऱ्यातही मागच्या पडद्यावर रक्त उतरलं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर किती टिकेल सांगता येत नाही, पाहायचं ते पाहून घ्या. परतीच्या बसमध्ये मी त्याला विचारलं, कुठे जायचं? मला वाटलं, एखाद्या देवाचं नाव घेईल.

"कुठं नाही जाचं. तो दरवाजा एकदा पेटलेला पाहाचा आहे मले."

एवढंच मागितलं माणसाने. आयुष्यभर साडी, भांडी, शेत, सगळ्यात माझंच चालू दिलं आणि मागून मागून काय मागितलं, तर एक मेणबत्ती. आणि तीच मला काही केल्या जमेना. ऐन मे महिना होता. पत्र्याखाली मेण घट्टच होत नव्हतं. साचा उघडला की बुरूज यायचे आणि कमान साच्यात अडकून राहायची. पुन्हा वितळव, पुन्हा ओत, पुन्हा कमान गायब. शेजारणीच्या फ्रिजमध्ये साचा ठेवून पाहिला, तर थंडीने दरवाजाला वरपासून खालपर्यंत भेगा पडल्या. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. भात शिजवताना, भांडी घासताना मनात एकच, आजचा दिवस गेला, आजचा दिवस गेला.

मग एकदा कमान अख्खी आली. मेण अजून मऊ होतं, हात लावला तर बोट उमटेल असं. आमच्याकडे जे फुटू नये असं वाटतं ते धानात ठेवतात. अंडी, काचेची बरणी, सगळं. मी काही विचार न करता धान साठवायच्या ढोलीत तो दरवाजा हळूच पुरला आणि देवाला हात जोडले. त्याच ढोलीत दर उन्हाळ्यात आम्ही आंबे पिकवतो. ऊब असते म्हणूनच पिकतात ना ते? पण ही अक्कल मला सकाळी आली, दरवाजा बाहेर काढल्यावर. एक बुरूज कलंडला होता आणि सगळ्या भिंतींत फोडांसारखं धान रुतलं होतं.

नवऱ्याने तो हातात घेतला, अंगठा फिरवला आणि हसत सुटला. "गडाले देवी आल्या वं!"

मला हसू कुठून येणार? मी तडक आत गेले, दुसरा दरवाजा ओतला आणि तो पुरता निवायच्या आधीच रागाने साचा ओढला. साचा कमानीपाशी टरकन फाटला. मी तिथेच चुलीपुढे बसले आणि लहान पोरीसारखी रडले. नव्या साच्याचं रबर नागपूरहून यायचं होतं. आज येते, उद्या येते असं करत ते येईना.

त्या दिवसांत मी रोज सकाळी त्याला विचारायची, "दिसते न जी?"

"दिसते न. तुह्या कपाळावरच्या आठ्या दिसून राहिल्या."

मी चिडायची, आणि चिडता चिडता मला धीर यायचा. आठ्या दिसतात म्हणजे दरवाजाही दिसेल.

अखेर रबर आलं, नवा साचा झाला. या वेळी ओतलेला साचा मी पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही. उघडला तर बुरूज, कमान, सांधे, सगळं जसंच्या तसं! इतके दिवस त्याच माठातलं पाणी पीत होते मी. आनंद झाला आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशीही वाटली.

दिवेलागणीला पडवीतला बल्ब मी मुद्दाम लावला नाही. नवरा खाटेवर बसला होता. मी आत स्वयंपाकघरात वात पेटवली आणि दरवाजा ताटलीत धरून, वारा लागू नये म्हणून पदर आडवा धरून बाहेर आणला. त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला आणि बाजूला झाले. कमानीतून उजेड निघाला आणि थेट त्याच्या गुडघ्यांवर पडला. खरोखरच्या गडावर इतका सुंदर दिसला नव्हता तो दरवाजा. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"आणला काय?" तो म्हणाला. "लाव न मंग. कायची वाट पाहून राहिली?"

उजेड त्याच्या गुडघ्यांवर तसाच हलत होता. त्याचा चेहरा थोडा डावीकडे, पडवीच्या खांबाकडे वळलेला होता. ओरडावं, की त्याला कवटाळावं, की ताटली उचलून अंगणात भिरकावावी, काही सुचेना. काडेपेटी माझ्या मुठीतच होती.

"लावते जी," मी म्हणाले. आणि पेटलेल्या वातीशेजारी दुसरी काडी ओढली. जोरात, नीट ऐकू जाईल अशी.

तो काडीच्या आवाजाकडे वळला. मान हलवली.

"दिसला," म्हणाला. "मस्त झाला वं. अन् तुह्या आठ्याबी दिसून राहिल्या."

मी रडत होते. माझ्या कपाळावर तेव्हा एकही आठी नव्हती.