आबांचं मत

गिरणीच्या तोंडातून पडणारी पिठाची धार आबा अंगठा आणि तर्जनीत धरायचे, डोळे मिटून बोटं चोळायचे आणि म्हणायचे, "अजून भरड हाय." मग चाक जरासं आवळायचं, पुन्हा चिमूट, पुन्हा डोळे मिटायचे. समोरची बाई डबा घेऊन ताटकळलेली असे, पण घाई करायची तिची छाती नव्हती.

हे ‘भरड’ पिठापुरतं नव्हतं. पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की "भरड हाय." कुणाचा नवा जावई पाहिला की "पोरगा बरा, पण अजून भरड हाय." तुमच्या गावातही असा एखादा माणूस असेल. पदवी नाही, पद नाही, पण त्यानं बोटांत धरून पाहिल्याशिवाय गावाला कशाचीच खात्री वाटत नाही.

आबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांच्याबद्दल मी चारचौघांत खूप बोललो. एक गोष्ट मात्र बोललो नाही. ती आज लिहितो.

आमचं गाव पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीच्या काठावर. कशेडी घाट उतरून आलेल्या ट्रकांचा आवाज गावात येतो, ट्रक दिसत नाहीत. नदीकाठाला आमचं गाव आणि वर डोंगरात तीन वाड्या. सगळ्यांना मिळून गिरण एकच, आबांची, डिझेल इंजिनावरची. आयुष्य त्या आवाजात गेल्यामुळे आबांना कमी ऐकू यायचं आणि ते स्वतः शेतापलीकडच्या माणसाशी बोलावं तसे बोलायचे. घरातली भांडणं ते गिरणीत बसून मिटवायचे, कारण घरात मिटवली तर ती अख्ख्या गावाला कळायची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. पंचायत समितीची आमची जागा बायकांसाठी राखीव झाली. आमच्या भागातल्या एका बड्या ठेकेदारानं आपल्या बायकोला उभं केलं. पोस्टरवर ठेकेदाराचा फोटो ताटाएवढा आणि उमेदवार बाईंचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. समोर अपक्ष म्हणून सुमनताई उभ्या राहिल्या. माहेर तुडीलचं, नवरा लवकर गेलेला, वरच्या वाडीत शिवणकाम करायच्या. वाड्यांना पाणी मिळावं म्हणून चार वर्षं त्या एकट्या तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवत होत्या.

आबांनी सुमनताईंची बाजू घेतली त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. "वरच्या बाया डबा घेऊन येतात ना, त्या दळण टाकायच्या आधी माझ्याकडं पाणी मागतात. तीन कोस उतरून आल्यावर आधी पाणी. वीस वर्षं मी तांब्या भरून देतोय. आता तांब्या नको, नळ दिला पाहिजे."

मी तेव्हा तिशीचा. महाडच्या एका कारखान्यात टेंपररी होतो. पहिली पाळी संपली की तीन वाजता गावात यायचो. अक्षर बरं म्हणून गावकीच्या बैठकांची वही माझ्याकडे, म्हणून आबा मला ‘चिटणीस’ म्हणायचे. मी प्रचाराचं पत्रक लिहून आणलं. ‘विकासाची गंगा’, ‘नारीशक्तीचा हुंकार’, सगळं घातलं होतं. आबांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं.

"भरड हाय, चिटणीस. म्हातारीच्या घशाखाली उतरंल असं दळ."

शेवटी पत्रकावर दोनच ओळी राहिल्या. सुमनला मत म्हणजे वाडीत नळ. निशाणी शिडी.

आमच्याकडे पुरुष दळण घेऊन गिरणीत येत नाहीत. डबा डोक्यावर घेणं बायकांचं काम. त्यामुळे आबांच्या गिरणीसारखी प्रचाराला जागा नव्हती. देवळाच्या रंगकामातून उरलेला पांढरा रंग त्यांनी आणला आणि येईल त्या डब्यावर शिडी काढली. दोन उभ्या रेघा, पाच आडव्या. आठवड्यात सगळे डबे सारखे दिसायला लागले. नाचणीवाली तांदळाचं पीठ घेऊन गेली, तांदूळवाली नाचणीचं घेऊन बसली. गिरणीत कल्ला झाला.

"आबा, माझा डबा कुठला?"

"ज्याच्यावर शिडी हाय तो."

"सगळ्यांवर शिडी हाय!"

मग डबे बदलायला बायका या वाडीतून त्या वाडीत जायला लागल्या. जातील तिथे चहा, चहाबरोबर सुमनताईंचा विषय. ज्या दोन वाड्यांत जुनं वैर होतं तिथंही पीठ बदलायला जावंच लागलं. आबा पुढे सांगायचे, "मी मुद्दाम केलं." मुद्दाम केलं नव्हतं. मी त्यांचा चेहरा पाहिला होता.

मतदान शिकवलं तेही गिरणीतच. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा असे. भागीआजी, वरच्या वाडीतली सगळ्यात म्हातारी, आदल्या निवडणुकीत तिनं सगळ्याच निशाण्यांवर शिक्के मारले होते. "येवढी माणसं उभी राहिली, कुणाचं मन कशाला मोडायचं?" आबांनी भेंडी आडवी कापली, निळीत बुडवली आणि जुन्या वहीच्या कागदावर तिला शिक्के मारायला बसवलं. घडी उभी घालायची, आडवी नाही, नाहीतर शाई दुसऱ्यावर उमटते. पाचव्या दिवशी भागीआजी इतर बायकांना शिकवत होती.

"एकच मार गो. बाकीच्यांची मनं मोडूं दे."

आता माझं.

मतदानाला आठवडा उरला असताना ठेकेदारानं मला महाडला बोलावलं. कारखान्याला माणसं तोच पुरवायचा. चहा पाजला. म्हणाला, "तुला कायम करायचं बघतोय. पण तुझं गाव हातातून चाललंय. काय करावं?"

त्यानं मागितला होता सल्ला, आणि मी तो दिला. कुणी मान पिरगाळली नव्हती. मी म्हणालो, "देवळात नारळ ठेवा. घरटी एक पुरुष बोलवा, हात ठेवून शपथ घ्या. आमच्याकडे नारळ मोडून कोणी जात नाही."

दोन दिवसांनी गावकी बसली. गावकीचे प्रमुख पाटील. त्यांनी पायरीवर नारळ ठेवला, विडा ठेवला. एकेक जण पुढे येऊन हात ठेवत होता, ठेकेदाराच्या बायकोला मत देईन म्हणत होता, आणि मी वहीत नाव लिहीत होतो. हात न ठेवणारा वाळीत, त्याच्या घरच्या लग्नाला कोणी जाणार नाही आणि मयतालाही. आबांचा नंबर आला. ते नारळाकडे बघत राहिले. त्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं.

आबांनी हात ठेवला. मी नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

दुसऱ्याच दिवशी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. आबांना कुणीतरी सांगितलं. मी गिरणीत पोचेपर्यंत ते येईल त्या बाईच्या हातावर गुळाचा खडा ठेवत होते. "चिटणीस कायम झाला. घे गो, तोंड गोड कर." मलाही त्यांनी खडा दिला. मी तो खाल्ला.

मग त्यांनी गिरणीचा पट्टा उतरवला आणि इंजिन नुसतंच चालू ठेवलं. गुप्त बोलायचं असलं की ते असं करत. त्यांचा आवाज झाकायला दुसरा उपाय नव्हता. बायका जवळ आल्या.

"काल देवळात नारळ ठेवला," आबा म्हणाले. "मी हात ठेवला. माझं मत गेलं. मी आता तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू?"

इंजिन फटफटत होतं. मला वाटलं, संपलं. खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं.

भागीआजीनं डबा खाली ठेवला. "नारळावर हात कुणाकुणाचा होता?"

"घरटी एक पुरुष."

"बाय कोण होती?"

"बायांना बोलावलंच नव्हतं."

"मग आमची शपथ कुठली?"

मागून एक सून घाबरत म्हणाली, "पण आजी, देव रागावंल ना?"

"देव काय आंधळा हाय? हात कुणाचा होता ते त्यानं बघितलंय की. आमाला पायरी चढूं देत नाय, नि शपथ मात्र आमची?"

आबा आधी हसले आणि मग खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसायला लागले. पीठ गेलं म्हणाले. गिरण बंद होती, पीठ कुठून जाणार?

मतदानाच्या दिवशी चूल पेटवायच्या आधीच बायका खाली आल्या. ठेवणीतली लुगडी, केसांत अबोली, एकापाठोपाठ एक. पुरुष देवळाच्या कट्ट्यावर बसून चेष्टा करत होते, "आज जत्रा हाय काय गो?" बायका सरळ शाळेतल्या केंद्रात शिरल्या. भागीआजी सगळ्यांत पुढे होती. मी शाळेबाहेर चिठ्ठ्यांच्या टेबलावर होतो.

आबा दुपारी एकटेच आले. आत गेले, बाहेर आले. टेबलाशी थांबून म्हणाले, "शब्द पाळला, चिटणीस." त्यांना हळू बोलता येत नसे, पण तेवढं ते हळू बोलले. जिच्यासाठी महिनाभर जिवाचं रान केलं, तिच्या विरुद्ध शिक्का मारून आले होते. नाही मारला असता तर कोण बघणार होतं? पण आबांना ते जमणारं नव्हतं. हे मी सल्ला देतानाच जाणून होतो. माझा नारळ खरा त्यांच्यासारख्यांनाच बांधणार होता.

मोजणी पोलादपूरला झाली. आमच्या केंद्राची पेटी उघडली आणि शिडीचा गठ्ठा वाढतच गेला. बाद मतं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सुमनताई निवडून आल्या.

गावात खालू बाजा वाजला. मिरवणूक देवळाकडे न जाता आधी गिरणीवर आली. सुमनताई आबांच्या पाया पडल्या. बायकांनी आबांना गुलालात असं बुडवलं की पिठानं पांढऱ्या झालेल्या माणसाचा गुलाबी माणूस झाला. ज्या बायका दारात नवऱ्यासमोर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, त्या रस्त्यात फेर धरून नाचत होत्या.

नंतर गावकी बसली. शपथ कुणी मोडली? प्रत्येक पुरुषानं सांगितलं, मी पाळली. आणि सगळे खरं बोलत होते. पाटील डोकं धरून म्हणाले, "मग मतं गेली कुठं?" त्यांची बायको सगळ्यांना चहा देत होती. तिनं कप ठेवला नि मुकाट आत गेली. पाटलांच्या घरचा डबाही शिडीचाच होता. दंड कुणाला करणार?

दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात वरच्या वाडीत नळ आला. त्यानंतर एकदा आबा मला म्हणाले, "बघितलंस काय? आज कुणी पाणी मागितलं नाय." दिवसभर ते खुशीत होते. आणि मी जिथे कायम होतो तिथे कायम राहिलो, त्या पगारावर घर बांधलं, पोरं शिकवली. सांगायचं रोज ठरवत होतो.

पाच वर्षांनी सुमनताई पुन्हा उभ्या राहिल्या, निशाणी मागून घेतली, शिडीच. गावकीत कुणीतरी नारळाचा विषय काढला. मी वही मिटली. म्हणालो, "नारळाचं मी लिहिणार नाय. दुसरा चिटणीस बघा." तेवढंच बोललो. का ते सांगितलं नाही. पण विषय पुढे गेला नाही.

त्या मतदानाला आबा केंद्र उघडायच्या आधी दारात उभे होते. पहिलं मत त्यांचं. आम्ही बरोबरच परत निघालो. वाटेत त्यांनी विचारलं, "चिटणीस, तेव्हा ती नारळाची अक्कल कुणाची होती रे?"

"ठाऊक नाय, आबा."

आबा थोडं चालले. "कोण का असंना, डोकं हाय त्याला. आपल्यात असता तर बरं झालं असतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपल्यातच होता, असं मला कधी कधी वाटतं."

ते थांबले नाहीत, उत्तराची वाटही पाहिली नाही. खाली नदीवर बायका धुणं धूत होत्या. शाई लावलेलं बोट वर धरून आबा काठाकडे वळले आणि पलीकडच्या शेतालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या वेळी माझं पण हाय गो त्यात."