आमच्या नणंदेचे सरळ केस

आमच्या धाकट्या नणंदेइतकं घाबरट माणूस सबंध दर्यापूर तालुक्यात दुसरं नसेल. साप निघाला तर ती काठी शोधायची, पाल झाडूने हाकलायची. पण नळाची तोटी सोडली की चार पावलं मागे सरकायची. कारण तिचे केस. जन्माचे कुरळे, कंगव्याचे दात मोडणारे ते केस तिने पाहण्याच्या कार्यक्रमाआधी अमरावतीच्या पार्लरमध्ये स्मूदनिंग करून सरळ करून आणले होते. अकोल्याकडच्या मुलाने त्या केसांसकट तिला पसंत केलं, साक्षगंध झालं, आणि त्याच वर्षी त्यांची कपाशी बोंडअळीने खाल्ली. लग्न पुढच्या हंगामावर गेलं. केस तोवर टिकणार नाहीत, हे पार्लरवालीने आधीच सांगून ठेवलं होतं.

"वयनी, केसं पुन्हा कुरळे झाले अन् त्यायनं नाई म्हटलं तं?" हा प्रश्न मला चहाच्या आधी आणि जेवणानंतर, असा नेमाने यायचा. पार्लरवालीने बिनमिठाचा शाम्पू वापरायला सांगितलं होतं. आता आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तिथे शाम्पूने काय करावं? ही बया प्यायच्या पाण्याच्या जारने डोकं धुवायची आणि घरातली बाकी माणसं जारवाल्याची वाट बघत बसायची. मिठाची धास्ती इतकी बसली, की तिने लोणचं-पापडही सोडले. सासूबाई म्हणाल्या, "केसं वाचतीन, पन पोरगी जाईन." सुती उशीने केस घासतात असं कुठेतरी ऐकून तिने माझ्या लग्नातल्या रेशमी साडीची खोळ शिवली, मला न विचारता. रबर लावायची नाही, कानामागे बट घ्यायची नाही, चुलीजवळ बसायचं नाही. पुढे मुळाशी कुरळे केस उगवायला लागले, तेव्हा ती रोज सकाळी आरशासमोर इस्त्री करायला बसू लागली. आम्ही हसायचो; पण एकच बट ती तीन-तीनदा दाबून बघायची, तेही मला दिसायचं.

आणि एका दुपारी मुलगाच आला. एकटा, न कळवता, शेअर जीपने. सासूबाईंचा चेहरा उतरला. असं एकटं कोणी आलं म्हणजे सोयरीक मोडायलाच आलं, असं आमच्याकडे धरून चालतात. नणंद माझ्यासोबत दाराआड उभी होती. तिने माझं मनगट धरलं होतं.

तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि खाली बघत म्हणाला, "यंदा सोयाबीनबी गेलं. तुमाले दुसरीकडं पाहाचं असन तं पाहा. आमचा राग नाई. सांगून टाकलेलं बरं, म्हनून आलो."

माझं मनगट सुटलं. मागच्या मोरीत बादली वाजली, मी वळून बघते तोवर ही बोअरच्या पाण्याने डोकं भिजवून थेट बैठकीत. मुळाशी कुरळ्यांचं रान, खाली सरळ शेपट्या, आणि पाणी सगळ्या फरशीवर.

"मीबी सांगून टाकतो," ती म्हणाली. "माहे खरे केसं असे हायेत. पायून घ्या, अन् मंग काय ते बोला."

त्याने आधी तिच्याकडे, मग फरशीवरच्या पाण्याकडे पाहिलं.

"मले वाटलं, तुमी पानी आनाले गेल्या," तो म्हणाला. "जीपमधी लय धूळ होती."

सासूबाई हसू लागल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. पाणी मीच आणलं. लग्न पुढच्याच उन्हाळ्यात झालं, आमच्या अंगणात, जवळच्या माणसांत.

आता ती अकोल्यापुढच्या एका खेड्यात असते. फवारणीच्या दिवसांत तिचा फोन हमखास येतो. "वयनी, हे सकायपासून वावरात फवारून राहिले. तोंडाले रुमाल बांधा म्हटलं तं आयकत नाईत. परवा शेजारच्या एकाले दवाखान्यात नेलं. मले भेव लागते." तो घरी येऊन, आंघोळ करून ताटावर बसेपर्यंत ती फोन ठेवत नाही. मी इकडे भाजी करपवत काहीबाही बोलत राहते. तिची थट्टा करावी तर जीभ वळत नाही. घाबरणं तिचं अजून तेच आहे. फक्त आता तिच्यासोबत मीही घाबरते.