पाचव्या प्रश्नाचं उत्तर

बीएडच्या वर्षातले शेवटचे आठवडे मी वर्सोव्याच्या एका शाळेत सातवीच्या वर्गासमोर काढले. पार्ल्याहून बिस्किटांचा वास घेऊन निघायचं आणि सुकत्या बोंबलांच्या वासात बसमधून उतरायचं. मधल्या अंतरात मी त्या दिवसाचा पाठ पुटपुटत असे. शेजारची बाई हळूच सरकून बसायची. बसमध्ये ऐसपैस जागा मिळवायचा तो उत्तम उपाय होता.

त्या काळी पाठाला प्रस्तावना लागे. विषयाचं नाव शिक्षकाने काढायचं नाही. पाच प्रश्न विचारत मुलांना असं वळवत न्यायचं की पाचव्याला विषय त्यांच्याच तोंडून बाहेर यावा. मग आपण आश्चर्याने म्हणायचं, ‘शाब्बास, आज आपण हेच शिकणार आहोत.’ आणि भिंतीकडे तोंड करून टांगलेला तक्ता उलटवायचा. मला हे फार आवडे. अख्ख्या शिक्षणशास्त्रात नाटकाला एवढीच काय ती जागा होती.

अडचण एकच. त्या वर्गावर दरवर्षी बीएडवाले सोडले जात, त्यामुळे पोरं पुरती तयार झाली होती. शेवटून दुसऱ्या पाठाला मी पहिला प्रश्न विचारला, “तुम्ही रोज सकाळी काय पिता?” वर्ग म्हणाला, “चहाचे मळे, बाई.” प्रस्तावना संपली. मागे बसलेल्या आमच्या प्राध्यापकांनी मला तिथेच, मुलांच्या देखत, झाडलं. “वार्षिक पाठाला असं झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा या.”

पुढच्या वर्षी पुन्हा येणं मला परवडणारं नव्हतं. जूनपासून पार्ल्यातल्या एका शाळेत घेतो म्हणाले होते, पण वार्षिक पाठात पास झाले तरच.

वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक आले. धोतर, काळा कोट, चेहरा वाळत घातल्यासारखा. विषय भरती-ओहोटी. मी देवाचं नाव घेऊन सुरुवात केली.

“संध्याकाळी तुम्ही फिरायला कुठे जाता?”

“देवळात, बाई.”

समुद्र शाळेपासून हाकेच्या अंतरावर. मला वाटलं, असेल एखादा भाविक.

“बरं, किल्ले कुठे बांधता?”

“अंगणात.”

“वाळूत कुणीच बांधत नाही?” असं विचारायचं ओठांवर आलं होतं, पण पाठाच्या टाचणात तो प्रश्न नव्हता. पहिल्या बाकावरच्या कोळ्यांच्या मुलीकडे मी आशेने वळले. तिच्या घराच्या ओट्यावरून होड्या लागताना दिसत.

“तू सांग. समुद्राचं पाणी दिवसभर एकाच जागी असतं का?”

“असतं ना, बाई,” ती गंभीरपणे म्हणाली. “हलत पण नाही.”

माझ्या हातातला खडू मोडला. मागून परीक्षकांचा आवाज आला.

“मुली, तू राहतेस कुठे?”

“कोळीवाड्यात, सर.”

“वडील काय करतात?”

ती तोंड उघडणार इतक्यात अख्खा वर्ग एका सुरात गरजला, “भरती आणि ओहोटी!”

परीक्षक उठून पुढे आले.

“हे काय आहे?”

मुलगी उभी राहिली. “सर, पाचव्या प्रश्नाला ओळखायचं ठरलं होतं. बाईंचे तीन झाले, तुमचे दोन.”

“माझेही धरलेत?”

“प्रश्न तो प्रश्न, सर.”

ते माझ्याकडे वळले. “बाई, ही तयारी तुम्ही करून घेतलीत?”

वर्गच बोलला. सगळे एकदम. “बाईंना काय पण ठाऊक नाही, सर.” “आम्ही गुपचूप ठरवलं.” “त्या दिवशी आम्ही लगेच ओळखलं ना, तर बाईंना ओरडा बसला.”

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग जागेवर जाऊन बसले. “पुढे चालू द्या.”

मी तक्ता उलटवला. आता अज्ञानाची सक्ती उठली होती. चंद्र, अमावास्या, उधाण, गाळात रुतलेली कुणाच्या तरी काकाची होडी, सगळं धो धो यायला लागलं. मला फक्त वाट काढून द्यायची होती. घंटा झाली तेव्हा तीन हात अजून वरच होते.

दारात परीक्षक थांबले. “प्रस्तावनेचे गुण तुम्हाला देता येणार नाहीत. ती तुमची नव्हती.”

“हो, सर.”

“बाकीच्या पाठात तुम्ही पास आहात. हे मी सांगायचं नसतं.” आणि ते जिन्याच्या वळणावर पोचल्यावर हसले. मी पाठीवरून ओळखलं. कोट हलत होता.

मी आत आले.

“काय म्हणाले?” मुलीने विचारलं.

“पास.”

तिने मागे वळून सगळ्यांकडे एकदा नजर टाकली, मुकादम टाकतो तशी. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं.

“म्हणजे सोमवारपासून तुम्ही नाही?”

“नाही गं.”

“मग परत आमच्याच जुन्या बाई?”

“तुमच्याच.”

ती मटकन खाली बसली. “वाट लागली,” ती शेजारणीला म्हणाली. “पहिल्याच प्रश्नाला ओळखलं असतं, तर बाई पुढच्या वर्षी परत आल्या असत्या.”