मनकर्णाबाईनं गवत जगवलं

मनकर्णाबाईचं सगळं आयुष्य गवत उपटण्यात गेलं. पाचोडच्या शिवारात ती लोकांच्या कपाशीत, तुरीत खुरपायला जायची. हात असा चपळ, की बायकांच्या पातीत, म्हणजे खुरपणाऱ्या रांगेत, कायम पुढं. हरळी तर तिची वैरीणच. "एक कांडी ऱ्हायली तरी अख्खं वावर गिळती ही," असं म्हणत ती मुळासकट ओढायची आणि बांधावर उन्हात फेकायची.

पोरगा सम्यक शिकला, वाळूजला कंपनीत लागला. सून सुलेखा शाळेत शिक्षिका. दोघांनी शहराच्या कडेला, सातारा परिसरात छोटं घर बांधलं आणि आई-बापाला गावाहून घेऊन आले. घरापुढं थोडी मोकळी जागा होती. तिथं हिरवळ करायची सुलेखाची फार दिवसांची हौस होती.

भादव्यात एका सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. नर्सरीवाला राजकुमार मातीसकट कापलेले गवताचे तुकडे उतरवू लागला, गोधडीच्या घड्या उतरवाव्यात तसे. मनकर्णाबाई बघतच राहिली.

"बया! गवत इकत आणलं?"

तिचा नवरा धोंडिबा पायरीवर बसला होता. त्याला हसू आवरेना. "तू जन्मभर उपटलेलं सांभाळून ठिवलं असतं, तर आज आपण शेठ असतो."

राजकुमारनं सपाट केलेल्या मातीवर तुकडे एकाला एक खेटून बसवले, पायानं हलके दाबले आणि भरपूर पाणी दिलं. निघताना म्हणाला, "आजी, सकाळ-संध्याकाळ पाणी द्या. मुळं मातीत उतरेपर्यंत यावर कुणी चालायचं नाय. आन् खताची घाई करू नका. खाली माती तयार करतानाच खत मिसळलंय, तेवढं पुरतं सुरुवातीला."

सुलेखा शाळेत, सम्यक कंपनीत. त्यामुळं गवत आपोआप सासूच्या पदरात पडलं. पावसानं उघडीप दिलेली, नळाचं पाणी रोज येत नव्हतं. मनकर्णाबाई तांदूळ, डाळी, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायची आणि ते गवताला घालायची. कमी पडलं तर बोअरचं. मांजर आलं तरी "हाड!" करून धावायची. धोंडिबा म्हणायचा, "सम्यकला बी एवढं जपलं नव्हतंस."

तरी काही दिवसांनी गवत फिकं दिसायला लागलं. उपाशी असंल बिचारं, मनकर्णाबाईला वाटलं. कुंड्यांसाठी आणलेला युरिया जिन्याखाली होताच. पीक पिवळं पडलं की मालक युरिया टाकायला सांगायचा, हे तिनं कैकदा पाहिलं होतं, स्वतः टाकलाही होता. भर दुपारी, नुकत्याच पाणी दिलेल्या ओल्या पात्यांवर तिनं मुठी भरभरून युरिया फेकला आणि समाधानानं आत जाऊन पडली.

दोन-तीन दिवसांत जागोजागी तपकिरी चट्टे पडले. तव्यावर भाकरी करपावी तसे.

ती पायरीवरच बसली. धोंडिबानं एकदा चट्ट्यांकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं. थट्टा करायचं त्याच्या मनात आलं असावं. पण तो आत जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

संध्याकाळी सुलेखा फाटक उघडून आत आली, तशी मनकर्णाबाई उठली.

"सुलेखा, म्या जाळलं बाई तुझं गवत. युरिया टाकला. तू हौसेनं लावलं अन् म्या…"

सुलेखानं खांद्याची पर्स खाली ठेवली. गवताकडं पाहून तिचा चेहरा उतरला खरा. मग ती सासूच्या शेजारी टेकली. "आई, मी पहिल्यांदा सगळ्यांसाठी पुरणपोळ्या केल्या होत्या, आठवतं? एक तरी धड निघाली होती का?"

"तरी खाल्ल्या की आमी."

"मग? हेही निघेल नीट. थांबा, राजकुमारला विचारू."

फोनवर राजकुमारनं सांगितलं ते सरळ होतं. आणखी काही घालू नका. खत खाली धुऊन जाईल असं भरपूर पाणी रोज सकाळी द्या. करपलेलं उपटू नका, मूळ जिवंत असलं तर फुटेल.

उपटू नका! मनकर्णाबाईला तेच अवघड गेलं. वाळलेलं पातं दिसलं की बोटं आपोआप तिकडं जायची. मग ती हात पदरात गुंडाळून बसायची.

एका सकाळी पाणी देताना तिला एका चट्ट्याच्या मधोमध हिरवी टोकं दिसली. तिनं बादली खाली ठेवली. एका तुकड्याचा कोपरा चिमटीत धरून हलकेच ओढून पाहिला. तो हलला नाही. गवतानं माती धरली होती.

"अवो, या हिकडं! निघंना बघा! लई घट्ट बसलंय!" ती ओरडली. धोंडिबा अर्धी दाढी करून तसाच बाहेर आला.

मग पुढच्या रविवारी राजकुमारला विचारून खत घातलं. या खेपेला चाळलेलं गांडूळखत, ऊन उतरल्यावर, कोरड्या पात्यांवर, पातळ. मनकर्णाबाई खत पसरत पुढं सरकत होती, मागून सुलेखा पाइपनं पाणी सोडत होती. सम्यक मोबाइलवर फोटो काढत होता. "आई, जरा हस की," म्हणाला, तर तिनं त्याच्याच अंगावर खताचा हात झटकला.

दिवाळीच्या आधी हिरवळ सगळीकडून सारखी झाली. एक चट्टा मात्र पुरता भरला नाही, तिथं सुलेखानं तुळस लावली. शेजारच्या लक्ष्मीबाई संध्याकाळी येऊ लागल्या. त्या चटई आणायच्या, पण मनकर्णाबाई ती अंथरू द्यायची नाही.

"नगं. तशाच बसा. थंडगार लागतंय."

आणि ती स्वतः पाय लांब करून बसायची. भेगाळलेल्या टाचा गवतात टेकवायची. धोंडिबा चहाचे कप घेऊन यायचा, आणि दोघी गावाकडच्या गोष्टी काढायच्या, अंधार पडेपर्यंत.