मावशीची झडती

मी जालन्याला वकिली करतो आणि घरात माझं कुणी ऐकत न्हाई. कोर्टात निदान समोरच्याला ऐकल्यासारखं करावं लागतं, घरी तेवढीही सक्ती न्हाई. त्यामुळं गेल्या वर्षी मावशी दुबईला जायला निघाली आणि दोन दिवस आधीच बॅगांसकट आमच्याकडं उतरली, तेव्हा मला भलताच आनंद झाला. आयती आरोपी घरी चालून आल्ती.

मावशी तीर्थपुरीची. काका गेल्यापासून शेत बटईनं देऊन एकटीच राहते. एकुलती एक लेक दुबईत. बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेल्ते, डॉक्टरांनी पलंगावरून हलायचं न्हाई म्हणून बजावल्तं, आणि जावई सकाळी जो जातो तो अंधार पडल्यावरच येतो. "आई, तू आल्याबिगर माझं काही खरं न्हाई," असं ती फोनवर रडून बोलली. जी बाई जालन्याच्या पलीकडं कधी एकटी गेली नव्हती, तिनं पासपोर्ट काढला. तिनं बाळंतपणाआधी लेकीजवळ पोचायचं, एवढंच महत्त्वाचं होतं.

आता आमच्याकडची रीत अशी, की माणूस नुसता जात न्हाई, त्याच्यासंगं पुडकी जातात. वाटूर फाट्यावर उभं राहून, ओळख ना पाळख, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती डबा देणारी माणसं आम्ही. "परतूरला पोरगं येऊन घेईल," एवढ्या बोलण्यावर डबा बराबर पोचतो. आणि ज्याच्या हाती दिलं त्यानं ते उघडून बघायचं न्हाई. बघितलं म्हंजे देणाऱ्याची इज्जतच काढली. मावशी दुबईला निघाली ही खबर गावात फिरली आणि ज्याचं ज्याचं कुणी तिकडं आहे त्यानं त्यानं तिच्या ओसरीवर एकेक पुडकं आणून ठेवलं. मावशीनं सगळी घेतली. एकही उघडलं न्हाई.

त्याच आठवड्यात माझ्या एका पक्षकाराचा जामीन फेटाळला गेल्ता. कुंभार पिंपळगावकडचा, दोन लेकरांचा बाप. मेहुण्यानं सांगितलं, येताना माझ्या दोन बॅगा घेऊन ये, तर हा घेऊन आला. आत गांजा, आणि वजन थेट व्यापारी प्रमाणात बसलं. म्हंजे दोषी ठरला तर दहा वर्षांच्या खाली बातच न्हाई. माल कुणाचा हे कायदा नंतर बघतो, सापडला कुणाजवळ हे आधी. आणि ज्याच्याजवळ सापडला त्याला माहीत होतं असं धरूनच चालतो. माहीत नव्हतं हे त्यानं सिद्ध करायचं. कसं करणार? मी उघडून बघितलं न्हाई कारण आमच्यात उघडत न्हाईत, हे न्यायाधीशाला सांगताना माझीच जीभ अडखळली.

म्हणून चहा झाल्यावर मी मावशीला दिवाणावर बसवलं आणि समोर खुर्ची घेतली.

"बॅग कुणाची?"

"माझी. डोळे गेले का तुझे?"

"भरली कुणी?"

"मीच. लग्नातसुद्धा तुझी बॅग मीच भरल्ती, वकीलसाहेब."

"आत काय आहे?"

"मला काय माहीत? ज्याचं त्याला माहीत."

"बस. इथंच तुझी केस संपली," मी म्हणालो. बायको दारात उभी राहून हसत होती. ती कुणाच्या बाजूनं होती ते सांगायची गरज न्हाई.

मावशीच्या नाकावर टिच्चून मी पुडकी फोडायला घेतली. गल्लीतल्या गुरुजींनी लेकाच्या पोटासाठी हिरवट चूर्ण दिल्तं, कापडात घालून चारी बाजूंनी शिवलेलं, वर ना नाव ना गाव. शेजारच्या सुनेनं बहिणीला पांढरी भुकटी पाठवल्ती, पारदर्शक पिशवीत, वर रबर. ती रांगोळी निघाली. कुणाच्या मेहरबानीनं माझी मावशी आजवर तुरुंगाबाहेर राहिली, देव जाणे.

"रांगोळीला फाशी देतेत का तिथं?" मावशीनं विचारलं.

"न्हाई, पण ती रांगोळी आहे हे कळेपर्यंत तुला बसवून ठेवतील. तवर तुझी लेक बाळंत होईल."

हे तिला लागलं. ती मुकाट्यानं रांगोळी बाजूला ठेवायला उठली आणि मी जिंकलो म्हणून तिचा स्टीलचा डबा उघडला. डिंकाचे लाडू. घरभर तुपाचा वास. मी एक फोडला आणि त्यात बारीक पांढरे दाणे दिसले.

"मावशी, खसखस?"

"मंग डिंकाच्या लाडवात काय शेंगदाणे टाकू?"

खसखस म्हंजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडं किराणा दुकानात बिनधास्त मिळतं. तिथल्या कायद्यात मात्र ती बंदीची चीज, आणि नेणारा माणूस आत. मला माहीत नव्हतं ही सबब तिथंही चालत न्हाई. हे सगळं मी सांगितलं. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मंग असा तोंडाचा पट्टा सुरू केला की मला खुर्ची मागं सरकवावी लागली. "तुझ्या वेळेस तुझ्या मायला माझ्या मायनं हेच लाडू खाऊ घातल्ते. तेव्हा कोण आलं होतं धरायला?"

"अहो, तरीच," बायको म्हणाली. "तरीच तुम्ही असे निघालात."

मावशीला हसू आलं, पण डोळे भरले होते. खारीक तिनं हातानं कुटल्ती. गुडघे धरून बसून एकेक लाडू वळला होता. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आईनं रिकाम्या हातानं जायचं, हे तिच्या डोक्यात बसतच नव्हतं. "तिथं जाऊन कर, बिनखसखशीचे," मी म्हणालो. "ते लाडू व्हय?" एवढंच ती बोलली. डबा चूर्ण-रांगोळीसकट आमच्या फडताळात गेला, बॅगा तिनं पुन्हा आपल्या हातानं भरल्या, आणि मी खूष होतो. एक तरी मुकदमा निकालात निघाला होता.

पहाटे गाडी काढून तिला मुंबईला नेलं. विमानतळाच्या दाराशी मला अडवलं, ती एकटी आत गेली. मी बाहेर, काचेला नाक लावून. थोड्या वेळानं ती रांगेतून बाहेर येताना दिसली आणि माझा फोन वाजला.

"अरे, इथल्या पोरीनं विचारलं, बॅग किसने भरी. मी म्हणले मैंने. आणि माझ्या तोंडाला कोरडच पडली."

"का?"

"पाच लाडू हायेत. लुगड्याच्या घडीत ठेवल्ते. जास्त न्हाई."

माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहीत न्हाई. मंग म्हणालो, "समोर कचऱ्याचा डबा दिसतो ना? त्यात टाक. आत्ताच्या आत्ता."

"लेकीचे लाडू उकिरड्यात टाकू?"

मी काचेतून डब्याकडं बोट दाखवलं. शेवटी तिनं अगदी हळू विचारलं, "पोटात घालून नेले तर चालंल का रे?"

एवढ्या वर्षांच्या वकिलीत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "चालंल, मावशी."

नातीच्या जन्माला ती तिथं हजर होती, हे आत्ताच सांगून टाकतो. पण मला आठवतं ते त्या काचेतलं. ती खुर्चीवर बसली, बॅग उघडली, लुगड्याची घडी मांडीवर सोडली आणि पहिला लाडू खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला तिला रडू फुटलं, तरी तिनं तोंड थांबवलं न्हाई. रडत रडत चावत होती. पाचवा संपल्यावर लुगड्यातला भुगा बोटानं टिपून तोही तोंडात टाकला, हात धुवून आली, लुगडं चांगलं झटकलं, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.