रक्तात शिरलेला हवेचा बुडबुडा

नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फुफ्फुसात गाठ दिसली तेव्हा मी त्यांना नरडाण्याहून जळगावला माझ्या घरी आणलं. सायकली दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं, त्यांना सुईची काय भीती? सीटी स्कॅनच्या खोलीत जाताना उलट मलाच म्हणाले, "तू बाहेर बठ. चा पी."

सुई घालून गाठीचा तुकडा काढायचा, तपासायला पाठवायचा, एवढंच काम होतं. पण सुई आत असतानाच नानांना खोकल्याची उबळ आली. काचेपलीकडे एकदम पळापळ सुरू झाली. मला आत बोलावलं तेव्हा त्यांना सपाट निजवून तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला होता. मी त्यांचा डावा हात हातात घेतला, तर बोटं मिटेनात. ते काहीतरी सांगू बघत होते, पण शब्द फुटत नव्हते.

"फुफ्फुसातली हवा रक्तात शिरली असावी," डॉक्टर म्हणाले. "बुडबुडा मेंदूकडे गेलाय असं वाटतं. फार क्वचित होतं असं. त्यांना उठवू नका, उशी देऊ नका. ऑक्सिजनने हवा विरून जायला हवी."

डॉक्टर स्वतः तिथून हलले नाहीत, ते मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

धुळ्याहून भाऊ निघाला होता. तो येईपर्यंत मी नानांचा तळहात चोळत बसले. मध्येच वाटलं, बोट हललं. "नाना, दाबा बरं माझा हात." त्यांनी दाबला, हळूच. थोड्या वेळाने मास्कच्या आतून बोदा आवाज आला, "काब रडी राह्यनी? माले भूक लागनी शे."

अहिराणी न कळणारी नर्ससुद्धा 'भूक' ऐकून हसली. मी तर रडता रडता हसत होते.

मेंदूच्या स्कॅनमध्ये इजा दिसली नाही. दुसऱ्या दिवशी नाना आपल्या पायांनी बाथरूमला गेले. आठवड्याने आलेल्या रिपोर्टात कॅन्सरच निघाला. पण गाठ पसरलेली नव्हती, ऑपरेशन होण्यासारखी होती, आणि तपासणीला तुकडा पुरला होता. त्या कागदावरचं आजाराचं नाव वाचून भावाचा चेहरा उतरला. मला मात्र सुटल्यासारखं वाटत होतं, आणि ते त्याला समजावता येईना.

नाना पलंगावर बसून दोन्ही हातांनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी चुरत होते. ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा वर न बघताच म्हणाले, "करा. फक्त ती सुई परत नको."